चूल एक, खोल्या वेगळ्या

‘विम’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर सिंकमधली खरकटी भांडी आली ना? साहजिक आहे! पण आज ज्या विमबद्दल लिहितेय, त्याने भांडी घासता येत नाहीत. हा विम म्हणजे एक ‘टेक्स्ट एडिटर’. अक्षरं लिहायची, खोडायची, हलवायची, बस्स. ना मेन्यू, ना रंगीबेरंगी बटणं. काळी खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर. पहिल्यांदा उघडणाऱ्याला तर त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कळत नाही. प्रोग्रॅमर मंडळींमध्ये यावर इतके जोक्स आहेत की विचारू नका.

आता तुम्ही म्हणाल, मास कॉम केलेल्या मुलीला हे कुठलं खूळ? तर ते दादाचं. मी पहिल्या वर्षाला असताना, म्हणजे २०१७ साली, दादाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. सोबत एक छोटीशी फाइल दिली आणि म्हणाला, ‘ही जपून ठेव गं. बाकी सगळं पुन्हा टाकता येतं.’ त्या फाइलला म्हणतात ‘विमआरसी’. विम उघडला की तो आधी ही फाइल वाचतो आणि तुमच्या आवडीनिवडी समजून घेतो. ओळींना नंबर हवेत की नकोत, शब्द शोधताना लहान-मोठी लिपी बघायची की नाही, टॅब किती रुंद, रंग कुठले, कुठल्या बटणाने काय व्हायला हवं... सगळं त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं.

थोडक्यात, आपला मिसळणाचा डबा. हॉस्टेलवर जा, पीजीत राहा, भाड्याच्या वन-बीएचकेत जा. डबा सोबत असला की कुठल्याही ओट्यावर आमटीला आपली चव येते. फ्रीलान्सिंग करणाऱ्याला तर असा डबा लागतोच. आज या ऑफिसातलं मशिन, उद्या त्या संस्थेचा सर्व्हर, परवा आपलाच खंगलेला लॅपटॉप! मी लेख लिहिते, पण माझं अर्धं घर चालतं ते आकड्यांच्या साफसफाईवर. गावांच्या याद्या, टँकरच्या नोंदी, एकाच तालुक्याची पाच स्पेलिंग्ज. या कामाला विमसारखं हत्यार नाही, हे मी पैजेवर सांगते.

डब्याची गंमत इथपर्यंत. पण समजा नव्या घरातल्या शेगडीने तुमच्या डब्यातली हळद ओळखायलाच नकार दिला तर?

गेल्या वर्षी एका संस्थेचं काम घेतलं. त्यांचा सगळा डेटा त्यांच्याच सर्व्हरवर, आणि तिथेच बसून (म्हणजे घरी बसून, पण तिथे ‘लॉग-इन’ होऊन) काम करायचं. सर्व्हरवर होतं सेंटओएस ७. या सिस्टिमचा अधिकृत सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला. तरी अशी मशिन्स चालू असतात, कारण ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हे तत्त्व आपल्याकडे सगळीकडे लागू आहे. त्यावरचा विम होता ७.४. हे व्हर्जन मुळात २०१३ सालचं. मी माझी फाइल तिथे टाकली, विम उघडला आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत तक्रारींची रांग लागली! ‘ई ५१८, अननोन ऑप्शन’. ओळ अमुक, ओळ तमुक. खाली ‘पुढे जाण्यासाठी एन्टर दाबा’. फाइल उघडायची म्हटली की दर वेळी हेच. दिवसाला चाळीस फाइल्स उघडायच्या असतील तर डोक्याचा पार भुगा होतो हो.

दादाला मेसेज टाकला. दादा २०२१ पासून नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. मी तिकडे पाच वाजता उठवलं असेल त्याला. त्याचं उत्तर आलं, ‘अगं, बरं झालं विषय काढलास. मी आता निओविमवर पूर्ण शिफ्ट होतोय, सगळं ल्युआमध्ये लिहितोय. तुझी फाइल तू वेगळी कर. वेगळं झालेलं बरं.’

वेगळं झालेलं बरं.

हे वाक्य आमच्या घरात याआधी एकदा बोललं गेलंय. साताऱ्याजवळच्या आमच्या घराच्या माजघरात एक भिंत आहे. मी सहा वर्षांची असताना बाबा आणि काका वेगळे झाले, तेव्हाची. भांडण असं मोठं नव्हतंच. गॅस कुणाच्या नावावर, लाइटबिल कुणी भरायचं, एवढंच. ‘वेगळं झालेलं बरं’ असं दोघंही अगदी शांतपणे म्हणाले. आधी चूल वेगळी झाली, मग भिंत आली, मग दिवाळीच्या फराळाचं ताट भिंतीपलीकडे जायचं तेही थांबलं. आज काका समोर दिसले तर नमस्कार करते, पण काय बोलायचं ते सुचत नाही.

दादाच्या मनात यातलं काहीही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो इंजिनीअरच्या भाषेत बोलत होता. पण खरं सांगू? आम्हा दोघांत रोजचं म्हणावं असं आता काय उरलंय? आईची तब्येत, वहिनीचं व्हिसाचं काम आणि ही फाइल. त्याने एखादा शॉर्टकट टाकला की तो माझ्याकडे यायचा, मी काही बदललं की त्याच्याकडे जायचं. ‘गिट’ नावाच्या प्रकाराने दोघांच्या फाइली जुळलेल्या. कधीकधी आठवडाभर फोन व्हायचा नाही, पण फाइलमध्ये त्याची एक नवी ओळ दिसायची आणि कळायचं, जिवंत आहे बुवा!

म्हणून मी लिहिलं, ‘वेगळी नाही करायची. एकच फाइल सगळीकडे चालली पाहिजे. कशी ते मला शिकव.’

आणि मग तीन शनिवार आम्ही तेच केलं.

आधी जरा कुळकथा. ही सगळी भानगड का होते ते कळायला ती लागते. १९७६ च्या सुमारास बिल जॉय नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. पुढे ब्रॅम मूलेनार या डच माणसाला त्याच्या अमिगा कॉम्प्युटरवर तसाच एडिटर हवा होता. त्याने १९८८ मध्ये काम सुरू केलं, १९९१ मध्ये पहिला विम लोकांसमोर आला. नावाचा अर्थ सुरुवातीला ‘व्हीआयची नक्कल’ असा होता. १९९३ मध्ये तो बदलून ‘सुधारित व्हीआय’ झाला. तीसेक वर्षं हा माणूस तो सुधारत राहिला. पैसे मागितले नाहीत. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, एवढंच म्हणाला. विम नुसता उघडलात तर त्या मुलांबद्दलची ओळ आजही समोर येते.

आता इतकी वर्षं एखादी गोष्ट वाढत राहिली की तिच्या किती पिढ्या एकाच वेळी नांदत असतात बघा! सर्व्हरवरचा ७.४ हा २०१३ चा. माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटू २२.०४ सोबत आलेला ८.२. ऑफिसात कुणाकडे ९.१, तो जानेवारी २०२४ चा. त्यातून २०१४ मध्ये विमची एक शाखा फुटली, तिचं नाव निओविम. आजोबा, काका, पुतण्या आणि वेगळा संसार थाटलेला धाकटा. सगळ्यांना एकच चिठ्ठी वाचायला द्यायची, आणि कुणी चिडायचं नाही!

पहिल्या शनिवारी मला सुचलेला उपाय सरळ होता. प्रत्येकाला वय विचारायचं. विम आपलं वय सांगतो. ७.४ असेल तर ‘७०४’, ८.२ असेल तर ‘८०२’. मग लिहायचं, वय ८०० च्या वर असेल तरच ही ओळ वाच, नाहीतर सोडून दे. सोप्पं!

दादा हसला. म्हणाला, ‘तुझ्या लॅपटॉपवर करून बघ.’ आमच्या फाइलमध्ये एक ओळ आहे. कमांड लिहिताना टॅब दाबला की पर्यायांची उभी यादी उघडते, ती देणारी. ही सोय ८.२ मध्ये आली खरी, पण त्याच्या ४३२५ व्या पॅचमध्ये. पॅच म्हणजे छोटी दुरुस्ती. विमच्या एका व्हर्जनमध्ये असे हजारो पॅच असतात. माझ्या उबुंटूवरचा ८.२ हा ३९९५ व्या पॅचपर्यंतचाच. वय दोघांचंही ८०२, पण एकाला जमतं आणि दुसरा ‘हे काय बोलताय?’ म्हणून ‘ई ४७४’ दाखवतो. एकाच बॅचच्या दोन मुलांसारखं. मार्कशीटवर वर्ष एकच, येतं मात्र वेगवेगळं!

आणि निओविमला वय विचारलं तर तो ८०१ सांगतो. आजचा ताजा निओविमसुद्धा! त्याचं स्वतःचं व्हर्जन वेगळंच चालतं. म्हणजे वय विचारणं हा बहुतेक वेळा चुकीचाच प्रश्न. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात तरी दुसरं काय होतं? असो!

मग विचारायचं काय? ‘तुला हे येतं का?’ असं विचारायचं.

विमला हे विचारायची सोय आहे, आणि तीही मोठी बारकाईची. ‘एक्झिस्ट्स’ म्हणून एक फंक्शन आहे. त्यात सेटिंगच्या नावाआधी ‘अँड’चं चिन्ह लावून विचारलं, तर उत्तर मिळतं ते फक्त ‘हे नाव ओळखतोस का?’ याचं. अधिकचं चिन्ह लावून विचारलं, तर ‘हे खरंच चालतं का?’ याचं. दोन्हींत फरक काय म्हणाल, तर विम तयार करतानाच काही सोयी वगळता येतात. मशिन लहान असेल तर ‘टायनी’ विम, दणकट असेल तर ‘ह्यूज’. वगळलेल्या सोयीचं नाव लहान विमला ठाऊक असतं. तुम्ही ती चालू करा म्हणालात तर तो भांडत नाही, नुसतं ऐकून घेतो आणि काहीच करत नाही. नवीन सोसायटीत बाथरूमला झकपक नळ असतो, पण त्याला पाणी येतं का ते वेगळं विचारावं लागतं, तसंच. पुण्यात भाड्याने राहिलेल्याला हे समजावून सांगायला नको!

उदाहरण द्यायचं तर ‘अनडू फाइल’. विम बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला तरी कालचे बदल मागे घेता येतात, अशी ही भन्नाट सोय. २०१० च्या ७.३ मध्ये आली. आमच्या फाइलमध्ये आता तिच्या आधी प्रश्न आहे, अधिकच्या चिन्हासकट. असेल तर चालू कर, नसेल तर गप्प पुढे जा. सर्व्हरवर लाल झालेली रंगांची ओळ, चिन्हांच्या रकान्याची ओळ, सगळ्यांना असेच प्रश्न लावले. लाल रांग गेली! तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला सांगणार? दादालाच सांगितला.

ती उभ्या यादीची ओळ मात्र याने सुटत नव्हती. कारण तिथे सेटिंग जुनंच आहे, नवीन आहे ती त्याची किंमत. ‘हे सेटिंग चालतं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात. तिथे पॅचचं नाव घेऊनच विचारायचं, अमुक व्हर्जनचा अमुक पॅच आहे का? आणि त्यातही गंमत ऐका. हा प्रश्न विचारायची रीत नीट चालायला लागली ती ७.४ च्या २३७ व्या पॅचपासून. त्याच्या आधीच्या विमच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे प्रश्न कळण्यासाठीही थोडं नवं असावं लागतं! सुदैवाने आमच्या सर्व्हरवरचा विम ६२९ व्या पॅचचा होता. निसटलो.

दुसरा शनिवार त्या लहानग्यावर गेला. उबुंटूसारख्या सिस्टिमवर पुष्कळदा नुसता टायनी विम असतो. त्याला ‘जर-तर’ समजतच नाही. मग तो ‘जर’ दिसल्यावर काय करतो? ‘जर’पासून ‘संपलं’पर्यंतचं सगळं, आत काय आहे ते न बघता, ओलांडून जातो. दादाने यावर मला कोडं घातलं, ‘मग याचा फायदा कसा करून घेशील?’ मी दहा मिनिटं डोकं खाजवलं आणि मग ट्यूब पेटली. साध्या, सगळ्यांना कळतील अशा दहा ओळी फाइलच्या वरच लिहायच्या. बाकी सगळा पसारा एका मोठ्या ‘जर’च्या आत. अट काय, तर ‘जर एक’. जी नेहमीच खरी असते! मोठे विम आत शिरतात, छोटा बाहेरूनच निघून जातो. त्याला कळत नाही, म्हणून त्याला त्रासही होत नाही. मोठ्यांच्या बोलण्याच्या वेळी लहान मुलांना अंगणात खेळायला पाठवायचे ना, तसंच.

एक शॉर्टकट नेटवर सगळे सांगतात. ओळीच्या आधी ‘सायलेंट’ लिहून उद्गारचिन्ह टाकायचं. मग ती ओळ चुकली तरी विम ब्र काढत नाही. मला मोह झाला होता, शंभरही ओळींना ते लावून मोकळं व्हावं. दादाने एकच प्रश्न विचारला. ‘उद्या टाइप करताना खरीच चूक झाली तर तुला कोण सांगणार?’ तोंड दाबलं की तक्रार थांबते, बिघाड थांबत नाही. (माजघरातली ती भिंत आठवली मला. तिथेही कुणी आवाज चढवला नव्हता.) म्हणून आमच्या फाइलमध्ये ‘सायलेंट’ फक्त दोन ठिकाणी आहे. रंगसंगती निवडताना, कारण ती एखाद्या मशिनवर नसली तरी काही अडत नाही, आणि दुसरं असंच एक किरकोळ.

मग आलं निओविमचं. हाच खरा नाजूक विषय होता. निओविमने जुन्या काही सेटिंग्जना रजा दिलीय, काही गोष्टी न सांगता चालू ठेवल्यात. जुन्या विमला ‘शोधलेला शब्द रंगवून दाखव’ म्हणून सांगावं लागतं, निओविम ते आपणहून करतो. विमच्या ८.० मध्येही, म्हणजे २०१६ पासून, तुमची फाइल नसेल तर तो बऱ्याच चांगल्या सवयी आपणहून लावतो. पण तुम्ही एका ओळीची का होईना, फाइल ठेवलीत की त्या सवयी सोडून देतो! नवखा माणूस चक्रावतो, ‘मी एकच ओळ लिहिली आणि सगळे रंग कुठे गेले?’

यावरून आमच्या फाइलचा एक नियम झाला. जे हवं ते स्पष्ट लिहायचं. ‘त्याला कळेलच’ असं धरून चालायचं नाही. जे एकाला न सांगता कळतं ते दुसऱ्याला सांगावं लागतं, आणि सांगितल्याने पहिल्याचं काही बिघडत नाही. माझ्या मैत्रिणींनो, हा नियम एडिटरपुरता ठेवू नका एवढंच म्हणेन!

तिसऱ्या शनिवारी वाटणी केली. हो, शब्द तोच वापरला आम्ही, मुद्दाम. दादाला ल्युआ हवं होतं. ही वेगळी भाषा, आणि निओविममध्ये जुलै २०२१ च्या ०.५ पासून सगळी फाइल तिच्यात लिहिता येते. विमला ती फाइल वाचता येत नाही. शिवाय निओविमच्या फोल्डरमध्ये जुन्या पद्धतीची आणि ल्युआची, अशा दोन्ही मुख्य फाइली ठेवल्या तर तो सरळ हरकत घेतो. एका घराला दोन कर्ते चालत नाहीत त्याला.

मग केलं असं. एक सामायिक फाइल, जुन्या साध्या भाषेतली. तिला नाव दिलंय ‘माजघर’. त्यात दोघांना लागतं ते सगळं. कळफलकाचे शॉर्टकट, टॅब, शोधाच्या सवयी. माझ्या विमआरसीत पहिली ओळ, ‘माजघर वाच’. दादाच्या ल्युआ फाइलमध्येही एक ओळ, ‘माजघर वाच’. निओविमला जुनी भाषा अजून चांगली येते, त्यामुळे तिथे अडत नाही. त्यानंतर ज्याचं त्याने आपल्या खोलीत काय ते करावं. त्याची प्लगिन्स, त्याचे भडक रंग, माझं काही म्हणणं नाही. आणि एखाद्या मशिनपुरतंच काही हवं असेल तर तिथे तिसरी, लोकल फाइल. ती गिटमध्ये जात नाही. माजघर आधी बघतं, अशी फाइल आहे का, वाचता येते का. असेल तर वाचतं, नसेल तर पुढे.

अनडू फाइलींची कपाटंही वेगळी केली, कारण हल्लीच्या निओविमने लिहिलेली अनडू फाइल विमला वाचता येत नाही. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत, त्यामुळे हे लागलंच. ‘तू निओविम आहेस का?’ एवढा एकच प्रश्न, आणि उत्तराप्रमाणे कपाट. वेगळं जे खरोखर वेगळं आहे, तेवढंच वेगळं करायचं. चूल एक, खोल्या वेगळ्या!

तुम्हालाही असं काही करायचं असेल तर दोन युक्त्या सांगून ठेवते. एक, नवीन फाइल थेट जुन्याच्या जागी टाकू नका. विम सुरू करताना ‘उणे यू’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की तो फक्त तीच फाइल घेऊन उघडतो. ट्रायल रूममध्ये कपडे घालून बघितल्यासारखं. दोन, एखादं सेटिंग कुणी बदललं ते कळत नसेल तर ‘व्हर्बोस सेट’ लिहून त्या सेटिंगचं नाव टाका. शेवटचा हात कुणाचा लागला, त्या फाइलचं नाव समोर येतं. नवीन व्हर्जन असेल तर ओळीचा नंबरसुद्धा. घराघरात अशी सोय असती तर किती भांडणं वाचली असती!

या सगळ्यात माझी एकटीची म्हणावी अशी एक ओळ आहे. विममध्ये मराठी लिहिताना ‘की’ मधली वेलांटी चुकली आणि ती खोडायला ‘एक्स’ दाबलं, तर वेलांटीसकट ‘क’ पण जातो. विमच्या लेखी ते एकच अक्षर. पण ‘डेलकंबाइन’ नावाचं एक सेटिंग आहे. ते चालू केलं की आधी वेलांटी जाते, मग ‘क’. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं एकेक करून. ऱ्हस्व-दीर्घाशी आयुष्यभर झगडणाऱ्या मराठी पत्रकारासाठी यापेक्षा मोठी सोय नाही! दादा मराठी फक्त व्हॉट्सअॅपवर लिहितो, तेही इंग्रजी अक्षरांत. त्याला या ओळीची काडीचीही गरज नाही. मी ती माझ्या खोलीत ठेवणार होते. पण त्यानेच ती उचलून माजघरात आणली आणि वर शेरा लिहिला, ‘मनूसाठी. काढू नये.’

विमचा कर्ता ब्रॅम मूलेनार ३ ऑगस्ट २०२३ ला गेला. ६२ वर्षांचा होता. बातमी आली तेव्हा दादाने फोन केला होता. एरवी तो फोन करणाऱ्यातला नाही. माणूस कधी भेटला नव्हता, बोलला नव्हता, तरी दोघं काहीबाही बोलत राहिलो. पुढे जानेवारी २०२४ मध्ये आलेलं ९.१ हे व्हर्जन त्याच्या स्मृतीला अर्पण केलेलं आहे. काम थांबलं नाही, इतरांनी हातात घेतलं. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त काय वाटतं सांगू? व्हीआयची सवय असलेल्या माणसाला आजही विममध्ये आपली बोटं तशीच चालवता येतात. नवीन आणताना जुन्याला घराबाहेर काढलं नाही त्याने. लहानातल्या लहान विमने न कळणारं कसं ओलांडावं, याचाही विचार करून ठेवला. फाइल जुळवायचे हे सगळे प्रश्न आम्ही विचारू शकलो, ते त्याने तशी सोय केली म्हणून.

परवा त्या संस्थेचा मेल आला. नवीन सर्व्हर येतोय, जुना मार्चमध्ये बंद. म्हणजे ७.४ साठी माजघरात ठेवलेल्या अकरा ओळींचं काम संपलं. दादाला विचारलं, ‘काढू का?’ तो म्हणाला, ‘काढ की. पाहुणे गेले की गाद्या गुंडाळून ठेवायच्या असतात. पण शेऱ्यात तारीख टाक. पुन्हा कुणी जुना भेटला तर शोधायला बरं.’

एप्रिलमध्ये काढेन. तोवर असू देत.